घासलेला स्क्रू

सुतार जगात एकाच गोष्टीला घाबरायचा, घासलेल्या स्क्रूला. डोक्याची खाच एकदा गुळगुळीत झाली की तो स्क्रू ना आत जातो, ना बाहेर येतो. मुक्कामाला आलेल्या जावयासारखा ठाण मांडून बसतो. आणि सध्या त्याच्या लेकीच्या जबड्यातच स्क्रू होते.

खारूने उतारावर दोन्ही हात सोडून सायकल चालवली होती आणि जबडा मोडून घेतला होता. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हाडाला धातूची इवलीशी प्लेट लावली. आता हाड जुळलं होतं. पण पोरीचं हाड वाढतं, प्लेट वाढत नाही. वेळेत काढली नाही तर हाडच तिच्यावर चढून बसतं.

"पण मॅडम, खाच घासली तर?" सुताराने विचारलं होतं.

"आम्हाला सवय आहे."

"सवय मलाही आहे. तरी फळ्या चिरतात."

डॉक्टरीणबाईंनी आपण लाकडात काम करत नाही, असं शांतपणे सांगितलं.

आज सकाळी खारू प्लेट काढायला ऑपरेशनसाठी आत गेली ती उपाशीपोटी, पण खुशीत. "बाबा, आजपासून माझे स्क्रू खरंच ढिले!"

"घराण्याचं नाव राखलंस हो," सोबत आलेली आत्या म्हणाली.

दार बंद झालं. सुतार बाकावर बसला. बाक करकरलं. तो उठला, खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला आणि बाक आवळलं. मग सूचनाफलक आवळला. मग एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीकडे वळला. आजोबा तिच्यात बसलेले होते.

"दादा, बस ना गप," आत्या म्हणाली. "हॉस्पिटलने तुला कामाला ठेवलंय असं वाटतंय लोकांना."

तेवढ्यात वॉचमन आला. "हे झालं की खालचं कपाट पण बघा. कुरकुरतंय."

आतून निरोप नव्हता. वेळ जास्तच होत होता. फळी चिरताना येतो तो बारीक आवाज सुताराला ऐकू यायला लागला. आता आवळायला एकच गोष्ट उरली होती, ऑपरेशनच्या खोल्यांकडे जाणाऱ्या दाराची मूठ. ती ढिली होती. नीट बसवावी म्हणून त्याने सोडवायला घेतली, तर मूठ हातात आली आणि पलीकडे तिची जोडीदारीण ठण्णकन पडली. दार जिथल्या तिथे अडकलं.

नेमका त्याच क्षणी दाराच्या काचेत डॉक्टरीणबाईंचा चेहरा उगवला. ओठ हलले. ऐकू काहीच येईना.

"काय म्हणतायत?"

"तुझा उद्धार करतायत."

"हसत का नाहीत पण?"

"कोंडून ठेवलेलं माणूस हसतं का, दादा?"

सुताराने मूठ परत बसवली, पण स्क्रू आवळल्याशिवाय ती नुसतीच गरगर फिरे. आणि स्क्रूची खाच घासलेली. ड्रायव्हर सटकला. पुन्हा सटकला. त्याने वर पाहिलं. काचेपलीकडे डॉक्टरीणबाईंनी तळहात हवेत दाबला, दाबूनच ठेवला, आणि मग मनगट अगदी हळू फिरवलं.

सुताराने अंगाचा सगळा भार टाकला आणि हळू फिरवलं. स्क्रू फिरला, मूठ घट्ट बसली. दार उघडलं.

"एकाची खाच घासली होती," डॉक्टरीणबाई आधी हेच म्हणाल्या. "वर हाड चढलेलं. म्हणून उशीर."

"मग?"

"मग काय, आत्ता दाखवलं ते."

"आणि जबडा?"

"चिरला नाही."

सुतार मटकन बाकावर बसला. बाक करकरलं नाही.

दुपारी खारू गाल फुगवून पडली होती. उशाशी डबीत प्लेट आणि स्क्रू. "बाबा, माझ्याकडे यायला इतका वेळ का लावलात?"

"दार अडकलं होतं गं."

"दाराला कशाला नावं ठेवतोस?" आत्या म्हणाली. "स्क्रू ढिला होता. तुझ्या बापाचा."

"आत्या, हसवू नको ना, दुखतंय," म्हणत खारू हसलीच. सुतार वाकून बारकाईने बघत राहिला. जबडा थोडाच उघडला, पण दोन्हीकडून सारखा. नीट बसवलेल्या दारासारखा चौकटीला कुठेही घासत नव्हता.