गवताची गाडी बंद का पडते

मैदानाच्या कडेला लिंबाखाली ताडपत्री अंथरली होती आणि तिच्यावर नऊ वस्तू होत्या: जुना प्लग, त्याहून जुना प्लग, पेट्रोलचे दोन फिल्टर, एअर फिल्टरची काळी पडलेली जाळी, हातभर पेट्रोलची नळी, टाकीचं झाकण, एक रिले आणि चहाचा रिकामा कप. कप सोडला तर बाकी सगळ्यांच्या जागी गाडीत नवा माल बसला होता. गाडी तरीही चालता चालता बंद पडत होती.

सुकन्या जूनपासून शिरूर अनंतपाळच्या या कॉलेजात तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवत होती. गवताची गाडी तिच्या विषयात येत नव्हती; पण प्राचार्यांना इंजिन आणि फिजिक्स एकाच घरातली वाटत असावीत. त्यांनी तिला मैदानावर धाडलं.

गाडी म्हणजे लहानसा लाल ट्रॅक्टर. त्यावर बसून चालवायचं, पोटाखाली तीन पाती फिरतात, गवत कापत पुढे जायचं. कुणा माजी विद्यार्थ्यानं ती कॉलेजला दिली, ती चालवायचं काम शिपाई भागवतमामांकडे आलं आणि त्यांची होस्टेलवरची रात्रपाळी सुटली. सव्वीस वर्षांनंतर मामा रात्री घरी झोपू लागले होते. आता संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले होते, की सोमवारी गाडी पुन्हा बंद पडली तर ती देणाऱ्याला परत जाईल, गवताचं काम ठेकेदाराला आणि मामा होस्टेलच्या गेटवर.

"मॅडम, आता इंजिनच तेवढं बदलायचं राहिलंय," रुद्रेश हात पुसत म्हणाला. स्टँडजवळ त्याचं मोटरसायकलींचं गॅरेज होतं.

"इंजिनाला काय झालंय?"

"काही नाही. म्हणून तर बदलायचं राहिलंय."

पायऱ्या झाडणाऱ्या चांगुणाबाई खराटा थांबवून म्हणाल्या, "त्या इंजिनाला काई बी झालं न्हाई. साहेबाला भ्येतंय ते. साहेब आले का गप."

रुद्रेश हसला. सुकन्या हसली नाही. तिनं मामांकडे पाहिलं. "खरंय का मामा?"

मामांनी टोपी सारखी केली. "आता साहेबाचं नाव कशाला घेऊ मॅडम. पर हाव. ते बघायला आले का बंद पडती. एरवी लई गुणाची हाय."

गुणाची आहे का हे पाहायला तिनं मामांना गवतात घातलं. अर्धा तास गाडी कुरकुरली नाही. गुडघाभर गवत, बांधाचा चढ, उन्हानं तापलेलं बॉनेट, सगळं तिनं सोसलं. पेट्रोल कमी पडत असतं, वायर तापत असती, तर यातच बंद पडायला हवी होती. आप्पासाहेब गेटातून आल्यानं बदलतं काय? हवा तीच, पेट्रोल तेच. बदलत असेल तर माणसातच काहीतरी.

आतापर्यंत जो तो गाडीच्या पुढे उभा राहून बॉनेटकडे बघत होता. शनिवारी सकाळी सुकन्या गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

पांढरं धोतर आणि काठी गेटात दिसली. तिला मामांची पाठ दिसत होती. ती पाठ सरळ झाली, वीतभर वर उचलली गेली, मामा आणि सीट यांच्यामधून पलीकडचं हिरवं गवत दिसलं, आणि इंजिन बंद पडलं. मामांचा हात तोवर कपाळापर्यंत पोचला होता.

रुद्रेश सवयीनं बॉनेट उघडायला धावला.

"झालं?" आप्पासाहेब जवळ येत म्हणाले. "ठेकेदाराला फोन लावतो मी."

"सर, एक विनंती आहे," सुकन्या म्हणाली. "तुम्ही परत गेटापर्यंत जाऊन याल का?"

चांगुणाबाईंचा खराटा थांबला. आप्पासाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मी जाऊन पुन्हा येऊ?"

"हो सर. आत्ता आलात तसेच."

म्हातारा गेला आणि आला. मामा उठले, गाडी बंद पडली.

मग तिनं सांगितलं. सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा सीटवरून उठला, की तो पडला असं गाडी धरून चालते आणि पाती थांबावीत म्हणून इंजिन बंद करते. "मामा तुम्हाला बघून उठतात, सर. गाडी बरोबरच वागतेय."

"मी उठलो व्हय?" मामा म्हणाले. "मला तर ठाव बी न्हाई."

"अरे, मग बसून राहत जा की बाबा," आप्पासाहेब म्हणाले.

"हाव साहेब," मामा म्हणाले, आणि म्हणता म्हणता उठले.

आप्पासाहेबांना हसू आवरेना. काठीवर भार देऊन ते बराच वेळ हसले.

"त्यात काय," रुद्रेश म्हणाला, "स्विचची वायर डायरेक्ट करतो. दोन मिनिटांचं काम."

"खाली पाती आहेत. मामा खरंच पडले तर?"

रुद्रेशनं पक्कड खिशात घातली.

"मग मीच येणं सोडू का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"तसं कसं चालंल साहेब," मामा घाईनं म्हणाले. "मैदान तुमचं."

सुकन्या चाकाशेजारी बसून मडगार्डवरचं चिखलानं भरलेलं स्टिकर ओढणीनं पुसत होती. पाती थांबवायची कळ खाली ओढली आणि ब्रेक दाबून त्याची खिट्टी लावली, की चालवणारा उतरला तरी इंजिन चालू राहतं, असं तिथं चित्रानं दाखवलं होतं. म्हणजे मामांनी उठू नये असं नव्हतंच. उठण्याआधी कळ आणि खिट्टी, एवढंच.

अडचण एकच होती. उठणं मामांना विचारून होत नव्हतं. हाताला त्याच्या आधी पोचायला शिकवायचं होतं.

संध्याकाळी सरावाला रुद्रेशनं कुणाची तरी पांढरी टोपी घातली, काठी घेतली आणि खोकत गेटातून आला. मामा बसून राहिले.

"उठा की मामा, साहेब आलेत."

"तुझ्यासाठी कोण उठतंय रे," मामा म्हणाले. "टोपी काढ, ऊन उतरलं."

तेव्हा खुद्द आप्पासाहेबांनाच बोलवावं लागलं. ते आले, आणि रविवारीही आले. गेटातून आत, गेटातून बाहेर. पहिल्यांदा गाडी बंद पडली, दुसऱ्यांदाही. मग मामा तोंडानं म्हणू लागले, "कळ, खिट्टी, साहेब." लांबून काठी दिसली की पहिला शब्द सुटायचा आणि हात त्याच्या मागे जायचा.

"माझा नंबर तिसरा लागला म्हणायचा," आप्पासाहेब चांगुणाबाईंना म्हणाले.

"लागला ते बघा," चांगुणाबाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मामांनी गाडी सुरू केली. मैदान संपल्यावर आठ अठ्ठावन्नला त्यांनी स्वतः किल्ली फिरवून ती बंद केली. मधल्या वेळात आप्पासाहेब सहा वेळा गेटातून आत आले आणि मामा सहा वेळा उठून उभे राहिले. इंजिन एकदाही बंद पडलं नाही.