तळाची सुरकुती

मी एक जुनी वाळू आहे, मित्रांनो. आता वाळूला 'एक' कसं म्हणायचं, असं तुम्ही विचाराल. पण सगळे कण एकदम बोलू लागले तर तुम्ही कानांवर हात ठेवाल, म्हणून सगळ्यांच्या वतीनं मीच बोलते. मला रगडून तेल काढण्याच्या गोष्टी माणसं फार करतात. अजून कुणी काढल्याचं ऐकिवात नाही. माझ्या हातून मात्र वेगळंच काम झालं, ते सांगते.

डोंगराच्या दगडातून नदीनं मला घडवलं. लोळवून लोळवून माझे सगळे कोपरे घासले. मग एका ट्रकमधून मी बांधकामावर आले आणि कुठल्यातरी भिंतीत कायमची बसणार, तेवढ्यात एका गवंड्यानं मला बादलीत भरून घरी नेलं. बायकोच्या पिठाच्या चाळणीनं त्यानं मला चाळलं. त्यावरून घरात काय झालं ते न सांगितलेलंच बरं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत त्यानं मला धुतलं आणि काचेच्या टाकीच्या तळाशी पसरलं.

त्या टाकीत सिक्लिड जातीचे मासे होते. त्यातली मादी, काय ती मासोळी! ती सपाट दगडावर अंडी घालायची आणि अंडी फुटायच्या आत तोंडानं माझे घास उचलून बाजूला टाकत छानसा खड्डा खणायची. मग एकेक इवलं पिल्लू तोंडात धरून त्या खड्ड्यात आणून ठेवायची. तिला दात होते, भूकही होती, पण पिल्लाला ओरखडा उठत नसे. गवंडी चहाचा कप घेऊन समोर बसायचा आणि बायकोला म्हणायचा, "बघ गं, कशी खणतेय! गवंड्याच्या घरची शोभते." मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढे गवंडी गेला. त्याची बायको टाकी घेऊन धाकट्या दिराकडे राहायला आली. तोवर माशांची एकच जोडी उरली होती आणि तीही वयानं उतरणीला लागलेली. "ह्यांच्या हातची एवढीच राहिलीत, भाऊजी," वहिनी म्हणाली. "एकदा तरी पिल्लं मोठी झालेली बघायचीत मला."

"होतील वहिनी. मी आहे ना," दीर म्हणाला.

दीर मनानं सोन्यासारखा होता, पण धंद्यानं इस्त्रीवाला. पुढच्या खोलीत त्याचं टेबल होतं. सुरकुती दिसली की त्याच्या हाताला खाज सुटायची. पुसायची फडकीसुद्धा तो घड्या घालून ठेवायचा. टाकीत डोकावला आणि त्याला काय दिसलं? माझ्यावर पडलेले खळगे! झालं. रोज सकाळी आंघोळ करून तो उलथणं घ्यायचा, टाकीत हात घालायचा आणि मला कडक इस्त्री केल्यासारखी सपाट करायचा. मासोळी खणायची, तो बुजवायचा. मला ओरडता आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

पिल्लं निघायची आणि नाहीशी व्हायची. रोजच्या त्या उलथण्यानं घाबरलेले आईबापच ती गिळून टाकायचे. वहिनीचं तोंड उतरायचं, आणि दिराला आपलं काय चुकतंय ते कळायचं नाही.

मासे विकणाऱ्यानं सल्ला दिला, "तळ मोकळा ठेवा. उरलेलं खाणं वाळूत कुजतं, पाणी बिघडतं." तो खोटं बोलत नव्हता. पण दिरानं एवढंच ऐकलं आणि मला उपसून बादलीत भरलं. बादली इस्त्रीच्या टेबलाखाली गेली. गिऱ्हाइकं माझ्यात छत्र्या खोचू लागली. तुटकी बटणंही माझ्याच डोक्यावर पडायची. टाकी मात्र आरशासारखी लखलखीत झाली.

आरशासारखी, हीच तर पंचाईत! मासोळीनं पुन्हा अंडी घातली. पण खाली बघितलं की तिला काचेत दुसरीच मासोळी दिसायची. ती तिच्यावर धावून जायची, तोंड आपटून घ्यायची. वहिनी टाकीपाशी बसून बघत होती. एकाएकी तिनं हाक मारली.

"भाऊजी, इस्त्री ठेवा आधी. इकडे या."

"काय झालं?"

"ती काच खणतेय हो."

दीर वाकला. मासोळी तोंडानं काच उकरत होती. मागे सरून पुन्हा उकरत होती. दगडावरची अंडी फुटायला आली होती.

"काच कशाला खणेल वहिनी?"

वहिनीनं काचेवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाली, "हे चहा पिताना खड्डे दाखवायचे मला. मी आपली हो हो करायची. भाऊजी, तुम्ही रोज मोडत होतात ना, ती सुरकुती नव्हती. पाळणा होता तो."

दीर टेबलाकडे धावला. दुसऱ्या क्षणी त्यानं टेबलाखालून मला ओढलं, बटणं वेचली आणि धू धू धुतलं. हलक्या हातानं त्यानं मला तळाशी सोडलं. मासोळी धीर धरून होती. पाणी निवळायच्या आधीच तिनं पहिला घास उचलला. अशी आई मी नदीतही पाहिली नव्हती.

ती पिल्लं जगली, मित्रांनो. पोहू लागल्यावर दिरानं त्यांना दुसऱ्या टाकीत हलवलं आणि तिचा तळ मोकळा ठेवला, कारण तिथं खाणं सतत पडतं आणि साफ करावं लागतं. मला राग नाही आला. तिथं पाळणा नको, स्वच्छ ताट हवं. वाळू घालावी की नको हे ज्याला त्या घरात राहायचंय त्याच्याकडे बघून ठरवावं. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. कुणाचं घर नीट करायला हात घालण्याआधी जरा बसून बघा, ते काय करू पाहताहेत.

दिराचा हात अजूनही सकाळी उलथण्याकडे जातो. काल वहिनीनं त्याला मुद्दाम छेडलं, "भाऊजी, तळाचा पार चोळामोळा झालाय बघा."

त्यानं शर्टावरून इस्त्री फिरवता फिरवता टाकीकडे पाहिलं.

"असू दे वहिनी," तो म्हणाला. "दादाला असाच आवडायचा."