घाईत तापलेली पूड

मित्रांनो, मी एक जुना उत्प्रेरक आहे. जुना कसला, परवाच तर जन्मलो. पण वाया गेलेल्याचं वय कोण विचारतं? प्रयोगशाळेच्या टेबलावर, झाकण हरवलेल्या डबीत मी पडून आहे.

इथल्या संशोधक ताईंनी मला फार मायेनं घडवलं. तांबं आणि कोबाल्ट यांचे क्षार पाण्यात विरघळवून त्यांत धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडलं. तळाशी गाळ बसला, तोच मी. मला धुतलं, वाळवलं, भट्टीत भाजलं. माझी काळी पूड बोटांवर घेऊन त्या म्हणाल्या, "गुणी आहे हो माझं बाळ!" मी केवढा फुशारलो!

माझं काम असं, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण, म्हणजे संश्लेषण वायू, माझ्यावरून जायचा आणि त्याचं अल्कोहोल व्हायचं. त्यासाठी माझ्यातलं तांबं आणि कोबाल्ट मांडीला मांडी लावून बसायला हवं. म्हणून कामाला जुंपण्यापूर्वी मला नळीत भरून हायड्रोजनमध्ये हळूहळू तापवावं लागतं.

पण अल्कोहोल दिसलं नाही तर ताईंच्या विभागाला कुलूप लागणार होतं, आणि तपासायला आलेले पाहुणे दारात उभे होते.

"वाढवा आच, बाई," ताईंचे सर म्हणाले. "त्याचे लाड पुरे झाले आता."

ताईंनी एकदा नळीकडे पाहिलं आणि आचेचं बटण फिरवलं.

"नको, ताई!" मी आतून ओरडत होतो. ऐकणार कोण? माझे बारीक कण चिकटून त्यांचे गोळे झाले. तांबं एकीकडे, कोबाल्ट दुसरीकडे. मग वायू आला. मी जिवाचा आटापिटा केला, पण माझ्या हातून नुसता मिथेन आणि पाणी झालं. ताईंनी बाटलीत जमलेला थेंब हुंगला, अल्कोहोलचा वासही नव्हता; मग त्यांनी मला नळीतून काढून या डबीत ओतलं.

आता बरणीतली माझी उरलेली भावंडं, माझ्याबरोबरच भाजलेली पूड, त्यांनी नळीत भरली आहेत. एवढीच शिल्लक होती.

"कुलूपवाला आलाय," सर घड्याळ दाखवत म्हणतात. "आटपा लवकर."

ताईंचा हात पुन्हा त्याच बटणावर आहे. माझा जीव टांगणीला लागला आहे. मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्ही तरी सांगा ना त्यांना! जे अजून घडतंय त्याला घाईनं जाळू नका. एकदा गोळा झालेला मी पुन्हा सुटा होत नाही हो!

ताई आच अगदी मंद करतात. स्टूल ओढून नळीशेजारी बसतात.

"कुलूप लावायचंय ना, सर?" त्या म्हणतात. "मग मला आत ठेवून लावा."