मापाची काठी

चेंडू जांभ्याच्या दगडी कुंपणावरून, गडग्यावरून, पलीकडे गेला आणि सड्यावर असा गलका उठला, की खाली दाभोळच्या धक्क्यावर जाळी शिवत बसलेली माणसंसुद्धा माना वर करून बघू लागली. दुसरा चेंडूही गडग्यापलीकडे गेला. तिसराही. सुजयने काठी गवतावर टेकवली आणि आपल्याच हातांकडे तो असा बघत राहिला, जणू ते कुणीतरी उसने दिले आहेत. त्याची आई मालन पदराने डोळे पुसत होती. बाप दादू तर थेट गौरव सरांच्या पायांशी वाकला.

"माझे पाय धरू नका काका," गौरव सर त्याला उठवत म्हणाले. "विज्ञानाचे धरा."

विज्ञानाला पाय असतात ही माहिती सुजयच्या थोरल्या बहिणीला, योगिनीला नवी होती. दापोलीच्या शाळेत ती विज्ञानच शिकवायची. पण त्या घटकेला सड्यावर तिला विचारतंय कोण?

हा सडा म्हणजे एके काळी गुरं चारायचा उघडा कातळ. रिसॉर्टवाल्यांनी त्यावर ट्रकांनी माती आणून टाकली, गवत लावलं आणि मुंबईचे पाहुणे तिथे गोल्फ खेळायला येऊ लागले. पाहुण्यांच्या पिशव्या वाहता वाहता सुजय खेळ शिकला. एका बुटक्या पाहुण्याने टाकून दिलेल्या काठीने तो पाहुण्यांनाच हरवू लागला. आता पुढच्या महिन्यात पुण्याच्या एका अकादमीत त्याची निवड चाचणी होती. हात त्याचा उत्तम, पण चेंडू लांब जात नाही, असं रिसॉर्टचे मॅनेजर म्हणत. आणि मॅनेजरांनीच हे गौरव सर बोलावले होते.

गौरव सर फिटर होते. गावाला फिटर ठाऊक होता तो लोटे गावच्या कारखान्यातला, पाइप जोडणारा. हा फिटर माणसाला काठी जोडत होता. पांढरी व्हॅन, त्यात लेथ, तिपाईवर हिरवा दिवा लुकलुकणारं यंत्र, आणि तोंडाचा अखंड चालणारा पट्टा. "आपण अंगाला शर्ट मापाचा शिवतो. आणि नशिबाला? नशिबाला रेडिमेड घेतो! प्रत्येक मनगटाची एक लहर असते, ताई. ती लहर काठीत उतरली, की चेंडू तुम्ही मारत नाही. चेंडू आपण होऊन जातो." सुजयचं मनगट, बोटं, खांद्यापासून जमिनीपर्यंतची उंची, सगळं त्यांनी फितीने मोजलं. जन्मवेळही विचारून घेतली. ती कुठल्या यंत्रात घातली हे काही कुणाला दिसलं नाही.

सकाळी त्यांनी सुजयला जुन्या काठीने मारायला लावलं होतं. चेंडू एकामागून एक करवंदीच्या जाळीपाशी पडले, गडग्याच्या कितीतरी अलीकडे. "बघा," सर लोकांकडे वळून म्हणाले होते, "हात वाघाचा आणि काठी शेळीची." मग त्यांनी नवी काठी जोडायला घेतली. जोडाचा डिंक सुकायला वेळ हवा, म्हणून सगळ्यांना जेवून यायला सांगितलं. दुपारी नव्या काठीने मारलेले चेंडू गडगा ओलांडून गेले. एवढा धडधडीत पुरावा डोळ्यांसमोर असताना शंका काढणारा करंटाच म्हणायचा.

योगिनी तशी करंटीच. सकाळी एसटीतून उतरून ती सड्याची पायवाट चढली, तेव्हा वरच्या उतारावर कुणीतरी भाजावळ लावली होती. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात ती. त्या धुराने वाटभर तिचे डोळे झोंबले होते, कारण धूर डोंगरावरून समुद्राकडे उतरत होता. आता दुपारी तिने सहज वर पाहिलं तर तोच धूर उलटा, डोंगरावर चढून पलीकडे जात होता. तिची ओढणीही सुजय चेंडू मारत होता त्याच दिशेला फडफडत होती. आणि एरवी खेळाच्या मैदानावर असतात ती निशाणं आज एकही दिसत नव्हती. सरांनी सकाळीच वेटरकडून ती काढवून घेतली होती. यंत्राला त्रास होतो म्हणे.

ती पुढे झाली.

"सर, एक विनंती होती. आता जुन्या काठीने एक चेंडू मारू दे त्याला."

गौरव सर फार मायेने हसले. "ताई, तुम्ही टीचर ना? मग मसल मेमरी तुम्हाला माहीत असणार. नवीन काठीची लहर नुकतीच अंगात शिरली आहे. आता जुनीला हात लावला, तर सगळं पुसलं जाईल. निदान महिनाभर तरी जुनी काठी वर्ज्य."

"एकच चेंडू."

"नको गो बाय," सुजय म्हणाला. तो जवळजवळ घाबरला होता. "सर नको म्हणतायत तर नको."

"सकाळचा वारा समोरून होता, सुजय. आताचा पाठून आहे. बघ ना जरा धुराकडे."

माणसांनी धुराकडे पाहिलं नाही, योगिनीकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "भावाचा बरा होतोय ता बघवत नाय वाटता हिला." चार जण हसले. योगिनीचे कान तापले आणि ती मागे सरली.

घरी आल्यावर कळलं ते आणखी जड होतं. काठ्यांच्या पूर्ण सेटची किंमत घरात होती ती एकाच गोष्टीत, दादूच्या इंजिनाच्या होडीत. सर म्हणाले होते, आज ठरवा, उद्या गाडी केळशीला जाणार. दादूने दुपारीच जाऊन देवीला कौल लावला होता. गुरवाने मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"उजवी पडली?" योगिनीने विचारलं.

"पहिली डावी पडली," मालन म्हणाली. "मंग ह्यांनी सवाल फिरवून घातलान. तवा पडली उजवी."

योगिनीला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. ती बापाजवळ जाऊन बसली. "बाबा, माप घेणं खोटं नाय. सुजय उंच हाय, काठी बुटक्या माणसाची होती, वाकून वाकून पाठ धरायची त्याची. पण त्याला दांडा थोडा लांब करून घेतला तरी चालंल. चपलेचा माप बघतो ना आपण, तसाच हा. पण माप बरोबर झाला म्हणून माणूस उडायला लागत नाय. तुम्ही रोज मतलईवर होडी बाहेर काढता आणि खाऱ्या वाऱ्यावर परत येता. सकाळी वारा जमिनीवरून दर्यात, दुपारी दर्यावरून जमिनीत. चेंडूला काय वेगळा नियम हाय?"

दादू काही मूर्ख माणूस नव्हता. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा रंग बदलला तर त्याला डोळे मिटून कळायचं. पण वारा ही त्याच्या लेखी दर्याची गोष्ट. धक्क्यावर पाय ठेवला की नांगर, जाळी आणि वारा तिथेच ठेवून तो घरी यायचा. गवतावरच्या पांढऱ्या चेंडूला वारा लागत असेल हे त्याच्या मनात आलंच नव्हतं.

"ता दर्यावरचा झाला, बाय," तो म्हणाला. "हा मशीनचा काम हाय."

"मशीनने चेंडू किती लांब गेला ता सांगितला, बाबा. कशामुळे गेला ता नाय सांगितला. एक दिवस थांबा. उद्या सकाळी नव्या काठीने मारूंदे त्याला, मग काय ता करा."

"उद्या सर नायत."

मग मालन बोलली. आवाज चढवून बोलली असती तर बरं झालं असतं, पण ती तांदूळ निवडता निवडता खालच्या मानेनेच बोलली. "तुझा शिक्षण त्याच होडीवर झाला गो. तेव्हा कुनी नाय म्हटला एक दिवस थांब म्हणून. आता पोराची पाळी आली तर तू वारा दाखवतंस?"

आई म्हणत होती ते खरं होतं, आणि खरं असूनही त्याचा काठीशी काडीचा संबंध नव्हता. पण आईसमोर हे दोन धागे सोडवून दाखवायचे कसे, हे तिला कुठल्याच बी.एड.मध्ये शिकवलं नव्हतं. ती सुजयकडे वळली. तो ओटीवर नव्या काठीचं डोकं फडक्याने पुसत बसला होता.

"तुला तरी पटतंय का रे?"

"बाय, मी आयुष्यात पयल्यांदा गडगा ओलांडला," तो म्हणाला. "तुला काय माहीत ता कसा वाटता."

संध्याकाळच्या भरतीला शिवा आला. शिवा धक्क्यावरचाच, सरळ माणूस. त्याने होडी पाहिली, इंजिन चालू करून पाहिलं आणि व्यवहार झाला. दादूने नांगराची दोरी त्याच्या हातात दिली. योगिनी धक्क्यावर उभी होती. आडवं पडावं, ओरडावं, असं तिला फार वाटलं. ती नुसतीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुजय रात्रीच पैसे देऊन आणलेला नवा सेट घेऊन सड्यावर गेला. उत्साहाने बापालाही घेऊन गेला. योगिनी न बोलावता मागोमाग गेली. आपलं चुकलेलं असू दे, असं ती वाटभर मनात म्हणत होती. जन्मात प्रथमच तिला आपण चुकावं असं वाटत होतं.

सुजयने मारलं. फटका झकास बसला. आवाजावरूनच कळत होतं. चेंडू उंच चढला, वर जाऊन रेंगाळला आणि करवंदीच्या जाळीपाशी पडला.

"अंग आखडलंय," तो म्हणाला. त्याने पुन्हा मारलं. पुन्हा जाळी. मग तो न थांबता मारत सुटला आणि जाळीभोवती पांढरे ठिपके वाढत गेले. शेवटी त्याने शेडमधून आपली जुनी काठी आणली. वर्ज्य असलेली. मारली. तिचाही चेंडू जाळीपाशीच पडला, हातभर अलीकडे. हातभराचा तो फरक मात्र खरा होता, मापाचा. बाकी सगळं सरांचं नव्हतंच.

दादू गवतावर उभा होता. त्याने तोंड डोंगराकडे वळवलं, डोळे बारीक केले. असं तो रोज पहाटे धक्क्यावर उभा राहून करायचा. सड्यावर त्याने ते पहिल्यांदाच केलं.

"मतलय," तो म्हणाला.

खाली खाडीच्या तोंडातून त्याच वाऱ्यावर शिवा होडी बाहेर काढत होता. इंजिनाचा आवाज वर सड्यापर्यंत येत होता, आणि त्या आवाजातली खरखर दादू ओळखत होता.

दुपारी खारा वारा सुटल्यावर सुजयने मॅनेजरांची परवानगी काढून दोन्ही काठ्यांनी मारलं. दोन्ही चेंडू गडग्यापलीकडे गेले. जुनीचाही. ज्या गडग्यासाठी होडी गेली, तो जुन्या काठीनेही दुपारी ओलांडता आला असता. रोज दुपारी. पण दुपारी पाहुणे खेळत, आणि पिशव्या वाहणाऱ्या पोरांना मैदान मिळे ते फक्त सकाळी. सुजय दोन्ही काठ्या मांडीवर घेऊन बसला आणि रडला. योगिनीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "मी सांगत होते ना" हे वाक्य तिच्या जवळपासही आलं नाही.

गौरव सरांनी फोन मात्र लगेच उचलला. सेट परत घेता येणार नाही, ते म्हणाले. सेट सुजयच्या मापाचा होता; दुसऱ्या कुणाला तो चालणार कसा? शिवाने तर होडीवर देवीचं नवं निशाण चढवलं होतं. घेतलेली होडी कोण परत देतो, आणि त्याने का द्यावी?

तिसऱ्या दिवशी दादू सदरा घालून दारात उभा राहिला. "केळशीला जाऊ या, बाय."

केळशीच्या किनाऱ्यावर टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने भरले होते. पांढरी व्हॅन सुरूच्या झाडांखाली उभी होती. फलक नवा होता, आता सर बॅटी फिट करत होते. दुपार होती, आणि एक दणकट पोरगा नव्या बॅटीने चेंडूमागून चेंडू माडांच्या बागेत भिरकावत होता. माणसं ओरडत होती. दर्याकडून असा सपाटा सुटला होता, की प्रत्येकाने एका हाताने डोक्यावरची टोपी धरली होती. टोपी धरूनच सगळे बॅटीचं कौतुक करत होते.

दादू गर्दीत शिरला आणि मधोमध उभा राहिला. त्याला भाषण कधी येत नव्हतं.

"माझा ऐका," तो म्हणाला. "ही बॅट वायट नाय. पण सकाळी जुनी मारलान, दुपारी नवी मारलान. जुनी आता मारून बघा. म्या नाय बघितला. पोराच्या काठीपायी माझी होडी गेली."

गौरव सरांनी हात जोडले. "काकांचं दुःख मी समजू शकतो. प्रत्येकाच्या अंगात लहर उतरतेच असं नाही."

"पोराचा हात बसला नसंल," एक जण समजुतीने म्हणाला. दुसऱ्याने दादूला हाताला धरून बाजूला केलं, अगदी आदराने. म्हाताऱ्या माणसाला उन्हातून सावलीत आणतात तसं. पुढचा चेंडू माडांवरून गेला आणि पुन्हा गलका झाला.

योगिनी गर्दीच्या कडेला उभी होती. चमत्कार खोटा असतो हे तिने शाळेत कितीदा सांगितलं होतं, आणि पोरांनी ते उत्तरपत्रिकेत लिहून गुणही मिळवले होते. इथे कुणाला गुण नको होते, इथे सगळ्यांना गडगा ओलांडायचा होता. तिला ओरडून सांगायचं होतं, की बाबांनो, माझ्यावर विश्वास ठेवू नका, सरांवर ठेवू नका, यंत्रावरही ठेवू नका. एक गोष्ट बदलायची असेल, तर बाकीच्या होत्या तशाच ठेवा, आणि मग बघा काय होतं ते. त्याला पैसा लागत नाही, डिग्री लागत नाही. मतलईतली नवी बॅट मतलईतल्या जुन्या बॅटीशी ताडून पाहा. आपली होडी, आपली बाग कुणाच्या हाती देण्याआधी एवढी एक सकाळ थांबा.

तिने ते सांगितलंही, जेवढा आवाज होता तेवढ्याने. वारा तिच्या तोंडावर होता; शब्द तिच्यामागे किनाऱ्यावर कुठेतरी पडत होते.

दादू सावलीतून उठला. ज्याने त्याला बाजूला नेलं होतं त्याचाच टोपीवरचा हात त्याने धरला. तो माणूस चुळबुळला, पण त्याने हात सोडवून घेतला नाही.

"दोनी एका वाऱ्यात मारा," दादू म्हणाला. "माझा म्हणना येवढाच हाय."

त्या माणसाची टोपी उडाली आणि वाळूवरून, चेंडू गेले त्याच वाटेने, माडांकडे पळाली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग दादूकडे, मग पुन्हा टोपीकडे.