विसरण्याचा वेगळा कोड

इस्पितळाच्या कोडिंग खात्यात सूनबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड, म्हणजे नेमून दिलेला आकडा, द्यायचा, हे तिचं काम. न्यूमोनिया असेल तर खोकला, ताप वेगळे लिहायचे नाहीत. ते त्याच आजाराच्या पोटात आले. आजारात न बसणारं लक्षण असेल, तरच त्याला स्वतंत्र कोड. बारा वर्षं करत होती बापडी, एकदाही चुकली नव्हती.

घरी मात्र गाडं अडलं. सासूबाई थकू लागल्या, भर उन्हाळ्यात शाल पांघरू लागल्या, आवाज घोगरा झाला. इथवर ठीक. पण परवा त्यांनी सख्ख्या नातीलाच विचारलं, "बाळ, तू कुणाची गं?" नात हसली. सूनबाईची स्वतःची आजी असंच विचारत विचारत सगळ्यांना विसरून गेली होती. तिने थकवा, थंडी, आवाज एकीकडे ठेवले आणि मनातल्या मनात विसरण्याला वेगळा कोड देऊन टाकला. आकडे तोंडपाठ होतेच, मेले.

रक्ततपासणीचा कागद घेऊन दोघी सूनबाईच्याच इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या.

"थायरॉइड पार मंदावलंय," त्या म्हणाल्या. "थकवा, थंडी, आवाज, सगळं त्याचंच."

"आणि विसरणं? ते वेगळं ना?" सूनबाईने विचारलं.

"डॉक्टरने निदान लिहायच्या आधीच कोड टाकायचा, हे कुठल्या नियमात बसतं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "थायरॉइड एवढं घसरलं की डोकंही मंद चालतं. गोळ्या सुरू करू. दोन महिन्यांनी विसरणं उरलंच, तर वेगळं लिहू."

ते दोन महिने तिने जीव मुठीत धरून काढले. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी द्यायची आणि तोंडाकडे बघत बसायचं.

"माझ्या तोंडावर काय सिनेमा लागलाय?" एकदा सासूबाई करवादल्या, तेव्हा तिला जरा धीर आला.

नवव्या आठवड्यात ती कामावर निघाली, तर सासूबाईंनी दारातच अडवलं.

"तुझ्या मावशीला फोन लाव. माझी निळी छत्री तिच्याकडे आहे, लाकडी मुठीची. आपली पोरगी झाली त्या दिवशी दवाखान्यातून घेऊन गेली. सहा वर्षं नुसती आणते, आणते म्हणतेय."

सूनबाई हे साफ विसरली होती. ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसता हसता रडू लागली.

"अगं, छत्रीच आहे ती," सासूबाई घाबरून म्हणाल्या. "नसेल द्यायची तर राहू दे."