मास्तरांचं पथ्य

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी आरशापुढे ओठ उलटा करून उभी होते. पुन्हा तोंड आलं होतं. ट्रंपेट वाजवणाऱ्या बाईच्या ओठाला आतून फोड, म्हणजे सगळाच खेळ खलास. याच फोडांपायी दोन वर्षं वाद्यवृंदातली एकल वादनाची निवड हुकली होती. यंदाही हुकली, तर मी जन्मभर मागच्या रांगेत.

"ताई, बसून ऐक," धाकटी म्हणाली. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. "परवा तू रक्त दिलंस ना, त्यात तुझं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व पार तळाला गेलंय. चूक नको म्हणून परत तपासलं. तोंड सारखं येतं ते यानेसुद्धा असू शकतं. डॉक्टरीणबाईंनी लगेच बोलावलंय."

आजार सापडल्याचा कुणाला आनंद होतो का? मला झाला. मी उभ्या उभ्या नाचले. इतकी वर्षं मी ट्रंपेटचं ओठाला लावायचं तोंड बदलत बसले होते, पितळी काय, चांदीचं काय.

"खाता काय तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मांस-मासे मी खात नाहीच. "बरं, दूध, दही, अंडी?"

"छे. ट्रंपेटच्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी बंद केलं. कफ होतो, सूर चिकटतो म्हणतात. ते स्वतःही कडक पाळतात. आम्ही त्यांचे सगळे विद्यार्थी पाळतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे हे पथ्य तुम्ही सगळे मिळून करताय?"

बी-ट्वेल्व्हच्या सुया टोचून घेतल्या. दुधाचा पहिला पेला मी चोरासारखा प्यायले, जणू मास्तर दाराआड उभे आहेत. मग हळूहळू फोड कमी झाले. एका सकाळी जीभ ओठाआडून फिरवली, तर कुठेच टोचेना. मी धाकटीला झोपेतून उठवून ते सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या.

निवडीच्या दिवशी फोडाच्या धास्तीनं मी दहादा जीभ ओठाआडून फिरवली. पण ओठ टेकवला आणि तो सगळ्यात लांब, सगळ्यात उंच सूर असा सरळ गेला, की माझे मलाच डोळे भरून आले. निवड झाली. माझीच.

मागच्या खुर्चीवरून मास्तर उठून आले. ऐन उमेदीत त्यांनी वाजवणं सोडलं होतं. का, ते कुणी विचारलं की म्हणायचे, अंगात उष्णता फार.

"स्वच्छ लागला सूर," ते म्हणाले. "पथ्याला जागलीस."

"मोडलं मी ते, मास्तर. म्हणून लागला." मी सगळं सांगून टाकलं, एका दमात.

ते रागावतील म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. त्यांचा हात गालावर गेला, बोलताना नेहमी जायचा तिथेच. आणि मला एकदम उमगलं.

"मास्तर, तुमचंही तोंड येतं?"

त्यांनी गालावरचा हात खाली घेतला.

"उद्या सकाळी माझ्या बहिणीकडे जाऊ," मी म्हणाले. "नुसतं रक्त द्यायचंय."

त्यांनी होकारार्थी मान हलवली. दारापर्यंत गेले, आणि वळले.

"माझ्या ट्रंपेटच्या कळा आखडल्या असतील गं. तेल आहे का तुझ्याकडे?"