नुसताच उंच वाढलो

मी चौथ्या ओळीतला हरभरा. बोलायला तोंड उरलेलं नाही, तरी बोलतोय.

संशोधन केंद्राच्या मळ्यात मी उगवलो. वाढायचं वेड पहिल्यापासूनच. महिन्याभरात शेजाऱ्यांच्या डोक्यावरून बघू लागलो. नवं वाण शोधणाऱ्या ताई रोज मोजपट्टी लावायच्या नि म्हणायच्या, "हा पठ्ठ्या भरघोस पीक देणार!" की मी आणखी ताठ.

शेजारी एक बुटकं रोप होतं. त्याच्या वाटचं ऊन मीच खायचो. तरी ते बिचारं खालच्या खाली पसरत, फांदीला फांदी फोडत होतं.

एका सकाळी ताई म्हणाल्या, "काकू, हे खुरटं उपटा. या उंचाला मोकळी जागा हवी."

खुरपणाऱ्या काकूंनी त्याची फांदी उचलून दाखवली. "अहो, घाटे बघा की किती लागलेत! दाणा भरायचाय अजून. पंधरा दिवस थांबा."

"उंचीच नाही त्याला. उपटा."

काकूंनी उपटलं. मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

काढणीनंतर मला टेबलावर आडवं केलं. काकू एकेक घाटा फोडत होत्या. "तेवीस. त्यातले नऊ पोकळ." ताईंनी स्वतः पुन्हा मोजले. तेवीसच. सगळं खाऊन मी नुसती काडी पोसली होती.

मग काकूंनी कपाटामागून वाळलेली जुडी काढली. "रागावू नका, ताई. टाकवेना मला." त्या बुटक्याचे घाटे मोजले, तर अडुसष्ट. पण दाणे कोवळेच सुकलेले. पेरण्याजोगे निघाले आठ.

ताईंनी नोंदवही उघडली. "चूक माझी, काकू. उंची मोजत बसले, दाणे कुठे लागतात ते पाहिलंच नाही." तसंच त्यांनी नोंदवहीत लिहिलं, खाली सही केली. "यापुढे आधी फांद्या नि घाटे मोजायचे. आणि उपटण्याआधी तुम्हाला विचारायचं."

"विचारा की. मी कुठे पळून जातेय?"

आठांपैकी पाच दाणे उगवले. माझे दाणे कपाटात, पाकिटात. वर ताईंच्या अक्षरात लिहिलंय: 'दिसायला झकास. पेरू नये.'

बरोबरच आहे. दया म्हणूनसुद्धा मला पेरू नका. मळ्यात ती पाच रोपं आहेत. त्यांच्यावर कुणा उंचाची सावली पडत नाही ना, तेवढं बघा.